लई पाणी हाय

मित्रांनो, मी एक जुनी छागळ आहे. छागळ म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. नांदेडच्या एका शिंप्याने मला शिवले आणि नायगावच्या हणमंतरावांनी विकत घेतले. माझे अंग ओले असते, म्हणून पोटातले पाणी गार राहते. यात माझी हुशारी काहीच नाही, पण कौतुक मात्र मी मनापासून ऐकून घेत असे.

हणमंतरावांना अकीक गोळा करण्याचा नाद होता. किनवटकडे ओढ्यांनी चिरून टाकलेले एक उजाड रान आहे. झाड नाही, माणूस नाही, नुसत्या घळी. तिथे ते हे रंगीत पट्ट्यांचे दगड वेचत. एका उन्हाळ्यात ते वाट चुकले. मी रिकामी झाले. त्यांनी मला उलटी करून झटकले, पिळले, शेवटी माझे ओलसर कापड चोखले. एका गुराख्याने पाहिले म्हणून वाचले. घरी मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. रानात जाणे बंद झाले असते ना! आता ते नाहीत. पुढे घरात फ्रीज आला आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले.

परवा त्यांच्या मुलांनी त्याच रानात जायचा बेत केला. सुकन्या शाळेत शिकवते. तिला मुलांना दाखवायला अकीक हवे होते. आज तिच्या भावाने, दयानंदने, मला भिजवून, भरून ओसरीत टांगले. माझ्याखालीच वडिलांचे जुने दगड मांडले होते. मग त्याने त्या भागात दगड वेचणाऱ्या गुणाबाईंना फोन लावला.

"मावशी, औंदा कसं हाय घळीत?"

"लई पाणी हाय, दादा! असं पाणी म्या कवाच बघितलं न्हाई."

दयानंद खूश झाला. "ऐकलंस का सुकन्या? मग हे पाण्याचे कॅन कशाला? छागळ बास झाली. दगडांना जागा होईल." आणि त्याने जीपमधले दोन्ही कॅन खाली उतरवले.

मित्रांनो, गार राहणे माझे कामच, पण त्या क्षणी मी भीतीने गारठले. अकीक वेचणारे लोक दगडाच्या झळाळीला पाणी म्हणतात. हणमंतरावही म्हणत. गुणाबाई त्याच पाण्याचे बोलत होत्या! मे महिन्यात त्या घळींत थेंब नसतो. ही लेकरे उद्या सकाळी निघणार, आणि मी ओरडूही शकत नव्हते. त्यांच्या बापाची कोरडी जीभ मला पुन्हा अंगावर जाणवली.

माझी शिवण जुनी आहे, गळते. थेंब खालच्या दगडावर पडत होते. सुकन्याने तो ओला दगड उचलून उन्हात धरला.

"दादा, बघ तरी! काय पाणी आहे या दगडाला!"

बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "दादा... मावशी कोणत्या पाण्याचं बोलल्या रे?"

पुन्हा फोन लागला.

"प्यायचं? अगं माय, ते कुठलं तिथं! म्या दगडाचं म्हणून राहिले. उन्हाळ्यात तिथं पाखरंबी तडफडून मरत्यात."

दयानंदने कॅन परत जीपमध्ये ठेवले. शेजाऱ्यांकडून आणखी एक मागून आणला.

उद्या आम्ही निघू. माझी भीती अजून गेलेली नाही. मित्रांनो, रानात जाताना मला जरूर न्या, पण माझ्या एकटीच्या भरवशावर जाऊ नका. आणि कुणी "पाणी आहे" म्हणाले, तर ते पिता येते का, एवढे विचारा. विचारायला लाजू नका. तुम्हाला तोंड आहे; माझ्या तोंडाला बूच आहे.