कितव्या पायरीचं नातं?

मी पाथरीकडच्या एका वाचनालयातली कार्डांची पेटी बोलतेय. अस्सल सागवानी आहे, उगाच रेलून उभं राहू नका.

माझ्या खणांत प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. अध्यक्ष आबासाहेब म्हणायचे, कार्डं अक्षरानं लावा, सोपं पडतं. पण आमचा ग्रंथपाल लिंबाजी सोयरीक जुळवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा प्रत्येक विषयाचं कूळ काढत बसायचा. शेळीचं घर कोणतं? रवंथ करणारी लहान जनावरं. मेंढीचंही तेच, म्हणून सख्खी भावंडं. म्हैस आणखी एक पायरी चढल्यावर भेटते, म्हणजे चुलत. कोंबडी तर पार वर, लांबच्या नात्यातली. काय डोकं हो त्याचं! मला त्याचा लय अभिमान.

त्र्याहत्तर साली, श्रावणाच्या तोंडाला, सरजाबाई धापा टाकत आली. कोवळ्या गवतावर सोडल्यापासून तिच्या धडधाकट शेळ्या पोट फुगून मरत होत्या. नवरा मागंच गेलेला, घर शेळ्यांवरच चालायचं. लिंबाजीनं माठातलं पाणी पुढं केलं. तिनं मानेनंच नको म्हटलं. तो बौद्ध घरातला, त्याच्या हातचं पाणी गावात बरेच जण घेत नसत. त्यानं तांब्या खाली ठेवला.

शेळीच्या नावानं एकच कार्ड निघालं, तेही पोरांच्या गोष्टीचं. आबासाहेब पेपरातून मान वर न करता म्हणाले, पुस्तक नाही, जाऊ द्या तिला. लिंबाजी मात्र एक पायरी वर चढला आणि मेंढीवर उतरला. मेंढीपालनाच्या पुस्तकात हुबेहूब हाच आजार होता. चरणं आवरा, वाळला चारा द्या, बाकीच्यांना लस टोचा. ते तिला वाचून दाखवून तो सायकलवर गेला आणि गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, शेळ्यांनाही हेच लागू.

पोळ्यानंतर सरजाबाई पुन्हा आली. उरलेल्या शेळ्या जगल्या होत्या. लिंबाजीनं तिला माझे खण दाखवून नात्यांचा हिशोब समजावला.

"मंग तुमचं आमचं नातं कितव्या पायरीवर, लिंबाजीभाऊ?"

"एकच पायरी, मावशी. वर गेलं की माणूस."

ती उंबऱ्यात घुटमळली. मग म्हणाली, "पाणी द्या. लय उकडायलंय."

आता माझे खण अडकतात, आणि आबासाहेबांनी अक्षरांची टूम पुन्हा काढलीय. मला हवं तर माळ्यावर टाका, बाबांनो, पण ही लावलेली नाती मोडू नका. सरजाबाई अजून बाजाराच्या दिवशी येते. पुस्तक नेत नाही, लिंबाजीच्या हातचं पाणी पिऊन जाते.