आभाळाला भोकं पाडणारा

मित्रांनो, मी लढाईवरून परतलेला एक जुना रडार आहे. ब्रह्मदेशात मी शत्रूची विमानं हुडकली. लढाई संपल्यावर पुण्याच्या एका प्राध्यापकांनी मला दुरुस्त करून आभाळाचा अभ्यास करायला आटपाडीजवळच्या माळावर उभं केलं. फौजेत मला चालवणारा रमजान तिथलाच होता. त्यांनी मला त्याच्याच हवाली केलं.

मी आभाळात लहरी सोडायचो आणि वरून परतणारा त्यांचा प्रतिध्वनी टिपायचो. ढगांच्याही कितीतरी वर, हवा अगदी विरळ होते तिथे, विजेने भारलेले पातळ थर असतात. वाऱ्याने ज्वारीचं शेत हलावं तसे ते हलतात. माझ्या काचेवरची हिरवी रेघ थरथरली की रमजान आपल्या बायकोला, अकिलाला, बोलावून दाखवायचा. ती हसायची. ते दिवस सुखाचे होते.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, पाठोपाठ आर्द्राही. गावचे लालासाहेब पाटील चार माणसं घेऊन माळावर आले.

"आभाळाला भोकं पाडतोस, मग पाऊस ऱ्हाईल कसा?" त्यांनी विचारलं.

"आवं, ढग खाली ऱ्हात्यात. ह्यो त्येंच्या लय वरचं बगतोय," रमजान म्हणाला. त्याने रेघ दाखवली. कुणी वाकून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माळाखालच्या विहिरीवर अकिलाला पाणी बंद झालं. तिचे दिवस भरत आले होते. ती लांबच्या ओढ्यात झरा उकरून पाणी आणू लागली. बायका बघत, बोलत नसत. एकदा भरली घागर घेऊन ती दरडीवरून घसरली. मूल पोटातच गेलं.

रमजानने माझे खांब स्वतःच्या हाताने कापले. तारा ओढून काढल्या, काच दगडाने फोडली. मग लालासाहेबांपुढे जाऊन हात जोडले. संध्याकाळी अकिलाची घागर भरली.

पाऊस तरीही आला नाही.

मला विहिरीशेजारी टाकलं होतं. एका सकाळी लालासाहेबांनी बनुबाई नावाच्या एकट्या विधवेच्या हातातून पोहरा काढून घेतला. हिचाच पाय वाईट, म्हणून पाऊस अडलाय, असं ते म्हणाले. रमजान तिथेच उभा होता.

"रमजानभाई, तुमी तरी सांगा," बनुबाई म्हणाली.

रमजानने मान खाली घातली आणि आपली घागर पुढे सरकवली.

मित्रांनो, मला दुरुस्त केलं नाहीत तरी चालेल. काच नवी मिळते, खांबही मिळतात. पण विहिरीवरून कुणी रिकामी घागर घेऊन परत चाललं, तर त्याला हाक मारा. रमजानला ते जमलं नाही. तुम्हाला जमू द्या.