नळी कोण घालणार

आण्णांच्या नाकातली नळी बंद पडली ती पांढऱ्या रश्श्यामुळे.

पक्षाघातानंतर आण्णांना गिळता येत नव्हतं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी ठेवली आणि तिच्यातून पातळ अन्न द्या, असं सांगितलं. पातळ म्हणजे काय, हे सांगायचं राहून गेलं. मंगळवार पेठेतल्या घरात अशी संदिग्धता ठेवू नये. तानाबाईंनी नवऱ्याला ताकद यावी म्हणून मटणाचा पांढरा रस्सा केला, फडक्यातून गाळला आणि सिस्टर चहाला गेल्याचं बघून सिरिंजने नळीत सोडला. काजू, खसखस आणि नारळाचं दूध गार झालं की घट्ट होतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हा नियम नळीच्या आतही चालतो, एवढीच बातमी नवी होती.

सिस्टर म्हणजे मोना गावडे, चंदगडची. एएनएमचा अभ्यासक्रम झालेली, नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी असलेली. त्याआधी ती गावच्या कारखान्यात काजू सोलत असे. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची सालं जातात. तिची बोटं आता कुठे माणसांसारखी दिसू लागली होती आणि ती तशीच राहावीत, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती.

तिने काय करावं याबद्दल घरात मतभेद नव्हते. सगळंच करावं. आण्णांची कूस बदलावी, औषधं द्यावीत, तोंड पुसावं. शेजारच्या काकूंचा बीपी बघावा, समोरच्या दुकानदाराची साखर तपासावी. आण्णांचे चिरंजीव विजयसिंह यांच्या कुत्र्याचा पाय कापला तेव्हा पट्टीही तिनेच बांधली होती. कुत्र्याबद्दल कौन्सिलचं काय म्हणणं आहे, हे तिने विचारलं नाही.

मोनाने नळीत कोमट पाणी सोडून पाहिलं. पाणी परत आलं. दोनदा आलं. मग तिने नळी हळूच काढून टाकली आणि म्हणाली, "दवाखान्यात न्यायला पाहिजे. नवीन घालावी लागेल."

"दवाखान्यात कशाला?" विजयसिंह म्हणाले. "तुम्ही सिस्टर हाय न्हवं? घाला की."

"मला नळीतून जेवण द्यायला सांगितलंय, दादा. नळी घालायला न्हाय. डॉक्टर जवळ नसताना तर न्हायच."

"जेवण देता येतंय आणि नळी घालता येत न्हाय? हे म्हंजे गाडी चालवतो पर दार उघडता येत न्हाय, असलं झालं."

"नळी चुकून श्वासाच्या वाटेला गेली तर पुढचं सगळं जेवण फुप्फुसात जाईल. आण्णांचं काय व्हायचं ते होईल, आणि माझी नोंदणी जाईल."

विजयसिंहांना यातला एकच भाग कळला. परवानगीची अडचण आहे. आणि परवानगी ही गोष्ट त्यांच्या आवाक्यातली होती. टपरी टाकायला, मंडपाला, पहाटेपर्यंत डॉल्बी लावायला त्यांनी ती आजवर मिळवलीच होती. त्यांनी फोन काढला, स्पीकर लावला आणि पक्षातल्या साहेबांना गाठलं.

"साहेब, आण्णांच्या नाकात नळी घालायची हाय. सिस्टर परवानगी मागत्या."

"घाला, घाला," साहेब म्हणाले. मागे कुठल्यातरी उद्घाटनाचा बँड वाजत होता. "आपली परवानगी हाय. कुणी आडवं आलं तर माझं नाव सांगा."

विजयसिंहांनी मोनाकडे बघितलं. एवढ्या वरून परवानगी मिळाल्यावर कुणी काय बोलणार?

"डॉक्टरांची पाहिजे," मोना म्हणाली.

"आता साहेबांच्या वर डॉक्टर?"

तरी त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टर धैर्यशील यांना फोन लावला आणि मोनापुढे धरला. डॉक्टर उदार मनाचे होते.

"घाल गं, काय होतंय? सोपं असतंय ते."

"सर, तुम्ही येता का? तुमच्यासमोर घालते."

"मला वेळ कुठाय?"

"मग लिहून पाठवा, सर. तुमच्या नावाने."

"पाठवतो," म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. विजयसिंहांच्या मोबाइलवर संदेश आला. ते चष्मा शोधेपर्यंत तो नाहीसा झाला आणि त्या जागी संदेश काढून टाकल्याची करडी ओळ उरली. वैद्यकशास्त्राची एवढी तत्परता त्या घराने पूर्वी पाहिली नव्हती.

"आला हुता की!" विजयसिंह म्हणाले. "मी बघितला. साक्षीदार हाय मी."

आण्णा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"मग मीच घालतो," विजयसिंहांनी कपाटातल्या डब्यातून जादा नळी काढली. "मला कुठं परवाना हाय, कोण काढून घ्यायला?"

या युक्तिवादात चूक काढायला जागा नव्हती. मोनाने फक्त आण्णांच्या नाकावर तळहात ठेवला.

"हात लावायचा न्हाय, दादा."

"बाजूला हो."

"न्हाय."

"तू उद्यापासनं यायचं न्हाय." सिस्टर 'तुम्ही'ची 'तू' झाली होती.

"न्हाय येत. आधी गाडी काढा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती उठेल असंही काही दिसत नव्हतं. विजयसिंहांनी आईकडे बघितलं. तानाबाई रश्श्याचं रिकामं पातेलं पदराआड धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढ की रं गाडी."

दवाखान्यात डॉक्टर धैर्यशील ऑपरेशनमध्ये होते. नळी तिथल्या शिकाऊ मुलीने घातली. तिचं शिक्षण अजून अर्धवट होतं, पण छप्पर डॉक्टरांचं होतं. नळी घालून झाल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरच्या दारातून मान हलवली, म्हणजे देखरेख झाली. मग ते मास्क काढत बाहेर आले.

"घरी असले प्रयोग करत जाऊ नका हो," ते विजयसिंहांना म्हणाले. "जिवाशी खेळ असतो. सिस्टरनं शहाणपणा केला म्हणून बरं."

विजयसिंहांनी नम्रपणे मान डोलावली. फोनवरचा माणूस आणि हा माणूस एकच आहे का, हे विचारायची ती जागा नव्हती. बाकावर एक आयाबाई बसल्या होत्या, बनाबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला सांगा की, पावणं," त्या म्हणाल्या. "नळी घालते, सुई टोचते, सलाईन लावते. बघून बघून शिकले. माझं नाव कुठं नोंदलेलं न्हाय, त्यामुळं आडकाठी न्हाय."

विजयसिंहांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथेच बोलणी पक्की केली आणि मोनाला म्हणाले, "बघ, असं पाहिजे. तू जा आता."

"ती कुठं जात न्हाय," तानाबाई म्हणाल्या.

"आई, ही कामाची न्हाय. सगळ्याला न्हाय म्हणत्या."

"म्हणूनच. तुझा साहेब व्हय म्हणाला, डॉक्टर व्हय म्हणाला, तू व्हय म्हणालास. मी तर इचारलंच न्हाय, सरळ वतला रस्सा. न्हाय म्हणणारं एक तरी माणूस घरात नको?"

विजयसिंह आईपुढे कधी फार वेळ टिकले नव्हते. पण बनाबाईंना दिलेला शब्दही मागे घेता येत नव्हता. पेठेत शब्दाला किंमत असते. तेव्हा दोघीही राहिल्या. बनाबाई करण्यासाठी, मोना नको म्हणण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरून धारेचं, फेसाळलेलं दूध तांब्यातून घेऊन आले. न उकळता, म्हणजे ताकद जात नाही. बनाबाईंनी उत्साहाने सिरिंज हातात घेतली.

"नको," मोना म्हणाली.

बनाबाईंनी सिरिंज खाली ठेवली. विजयसिंह जरा वेळ तांब्याकडे बघत उभे राहिले. दूध वाया जाऊ नये म्हणून मग त्यांनीच ते उभ्याउभ्या पिऊन टाकलं.