निरंक

सूतगिरणीची बस पांढुर्ण्याहून निघाली तेव्हा ऋतुजाच्या शेजारची जागा रिकामीच होती. ऑफिसातल्या दोघी दांडी धरून उभ्या होत्या, सौंसरपर्यंत उभ्याच राहणार होत्या, पण त्या जागेवर टेकायची हिंमत एकीचीही झाली नाही. अलकाताई तिच्या पुढच्याच सीटवर होत्या. बाहेर धुकं होतं, पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या खिडकीतूनच पाहत बसल्या.

ऋतुजा तिगावची, पंचविशीतली, कामाला चटपटीत. दसऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग मॅनेजर मुकुंद साहेबांनी तिला रविवारी सोबत नागपूरला चल म्हणून धोशा लावला. मोबाइलवर नको नको ते लिहून पाठवलं. शेवटी एक दिवस तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "सर, मले असे मेसेज नका पाठवत जाऊ." तिथून तिचे दिवस फिरले. तिचं टेबल गोदामाच्या बोळीत गेलं. हातातली कामं काढून घेतली आणि मग मीटिंगमध्ये हिला काम जमत नाही म्हणून तिचं हसं केलं. तिच्याशी बोलू नका असं साहेबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही. ज्यानं त्यानं आपापलं समजून घेतलं. माणसं या बाबतीत भारी हुशार असतात!

अलकाताई काही वाईट बाई नव्हत्या. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुलगा केतन पुण्याला, यजमान जाऊन बारा वर्षं झालेली. सावरगावच्या घरात संध्याकाळी कुलूप उघडलं की दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांच्या कानी पडत नसे. ऑफिसातल्या चार बायका हेच त्यांचं गणगोत. ते तुटलं तर आपलं काय राहील, या एका भीतीनं त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

शेजारची जागा रिकामी राहिली त्याच दिवशी दुपारी, गिरणीतल्या नळापाशी ऋतुजानं त्यांना गाठलं.

"ताई, मले आता जेवण जात नाही. रात्रीची झोप नाही. तुम्ही साहेबांशी बोलून पाहता का?"

"मी काय बोलू बाई? तू काहून एवढं मनावर घेऊन राहिली? दिवस निघून जातात."

"पण तुम्ही बायांच्या तक्रारीच्या कमिटीच्या अध्यक्ष आहात नं? बोर्डावर नाव हाय तुमचं."

"ते नुसतं नावापुरतं असते गं," अलकाताई घाईघाईनं म्हणाल्या. आत कोणी ऐकत तर नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. ऋतुजानं नळ बंद केला आणि ती निघून गेली. पुढच्या आठवड्यात तिनं नोकरीवरच पाणी सोडलं. निरोपाला कोणी उठलं नाही. अलकाताईही उठल्या नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस मोठे बाबू हेमंत फाइल घेऊन आले.

"ताई, सही मारा. आजच जिल्ह्याले पाठवाचं हाय."

"कशाची?"

"तेच ते. महिलांचा छळ-बिळ. दरसालसारखं निरंक."

निरंक म्हणजे काही नाही. सहा वर्षं अलकाताईंनी या शब्दाखाली डोळे झाकून सही केली होती. आज पहिल्यांदा त्यांनी कागद वाचला. सदस्यांत रूपालीचं नाव होतं, जी लग्न होऊन नोकरी सोडून गेल्याला चार वर्षं झाली. अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव होतं. त्याखाली, प्राप्त तक्रारी: निरंक. नळापाशी उभी असलेली ती पोरगी कोण होती मग?

त्यांनी निरंकवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, एक.

"ताई, काय करून राहिल्या तुम्ही?" हेमंतचा आवाज चढला. "साहेब पाहतील!"

"पाहू दे."

"पोरगी तर गेली. लेखी तक्रार कुठी हाय तिची?"

शेजारच्या कुसुमनं आपली खुर्ची हळूच पलीकडं सरकवली. अलकाताईंनी ते पाहिलं. वाईट वाटलं, फार वाटलं. उद्यापासून कोण बोलेल आपल्याशी, असंही वाटलं. तरी त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला.

"ऋतुजा, मी अलकाताई. तक्रार लिहून दे बाई. मी अध्यक्ष आहे, मी ती घेते."

पलीकडं टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"तीन महिने मी तुमच्या डोळ्यासमोर होती, ताई. तवा कुठी होत्या तुम्ही?"

निवृत्ती, केतन, रिकामं घर, सगळं त्यांच्या ओठांवर आलं. यातलं काहीच त्यांना सांगवेना.

"तिथंच होती," त्या म्हणाल्या. "पाहून राहिली होती."

"हेबी लिहू तक्रारीत?"

"हेच पहिले लिही," अलकाताई म्हणाल्या.