सातव्या होलचं गवत

दिवसभर लोकांना ‘जरा पाय उचला’ म्हणायचं, आणि तेही गोड बोलून, हे काम माणसाला किती पिळून काढतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. गोल्फच्या मैदानावर त्या माणसाला मार्शल म्हणतात. आपला मार्शल बॅटरीवरची छोटी गाडी घेऊन सकाळपासून हिरवळीवर फिरे, रेंगाळलेल्या खेळाडूंपाशी थांबे आणि हसे. घरी पोचेपर्यंत हसू सगळं खर्ची पडलेलं असे. बायको म्हणायची, निदान जेवताना तरी आम्हाला हाकू नका.

त्या महिन्यात मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावून हिशेब मांडला. एका खेळाला पाच तास लागतात, त्यामुळे दुपारी आलेल्यांना अंधार गाठतो आणि ती वेळ विकताच येत नाही. अर्धा तास वाचला तर रोज चौघाचौघांचे आणखी काही गट बसतील. तेवढ्या कमाईवर गवत कापणारी आपली माणसं ठेवता येतील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून ते काम कंत्राटदाराकडे. बाई मनाच्या वाईट नव्हत्या. सांगता सांगता त्यांचाच आवाज बसला.

गवत कापणाऱ्यांत मार्शलचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. संध्याकाळी ताईचा फोन आला. ती रडली असती तर बरं झालं असतं. “तुझ्या हातात आहे म्हणतात,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गर्दी कुठे तुंबते ते नीट पाहिलं. सातव्या होलवर, म्हणजे चेंडू घालायच्या सातव्या खड्ड्याच्या वाटेवर. तिथल्या उजव्या कडेचं गवत गुडघ्याला लागलेलं. चेंडू त्यात गेला की चौघंच्या चौघं सुई हरवल्यासारखे वाकून शोधत, आणि मागचे गट ताटकळत बसत. ते गवत होतं दाजींच्याच वाट्याचं. मार्शलनं कपाळाला हात लावला.

दाजी शेडमध्ये यंत्राची पाती पुसत होते.

“दाजी, सातव्याची कड कापा ना. तुमच्याच पोटावर येतंय हे.”

“कापू. थोडा दम धर.”

“दम धरायला वेळ कुठाय?”

दाजींनी फडकं खाली ठेवलं. “त्या गवतात लावी बसलीय अंड्यांवर. तेवढाच तुकडा सोडून कापलं तर ती उघडी पडते, कावळे टपलेलेच आहेत. काय करू सांग.”

“ताईला ठाऊक आहे हे?”

“तिनंच सांगितलं, यंत्र घालू नका म्हणून.”

“आणि मला फोनही तिनंच केला.”

“मग? नोकरीही तिला हवी, लावीही तिला हवी. तुझीच बहीण आहे.”

मार्शलला हसावं की चिडावं कळेना. एवढ्याशा पाखरापायी घर पणाला लावायचं, असं काहीतरी तो बोलणार होता. पण दाजींचे तेलानं काळे झालेले हात पाहिले आणि त्यानं फडकं उचलून त्यांच्या हाती दिलं. देवानं जीव दिलाय, तो काय कंत्राटदाराला विचारून दिलाय?

सकाळी त्यानं गाडी बाजूला लावली आणि त्या गवताच्या कडेला उभा राहिला. चेंडू पडला की डोळ्यांनी जागा धरायची, तिथे छोटं निशाण रोवायचं. खेळाडू सरळ येत, मारत, पुढे जात. लावीच्या बाजूला चेंडू गेला की तो हात आडवा करून दुसरा टाकायला सांगे.

“काय मार्शल, बढती की शिक्षा?” एकानं विचारलं.

“दोन्ही,” तो म्हणाला.

सावली नव्हती. टाचा ठणकत, डोळ्यांपुढे हिरवं पिवळं होई. घरी गेल्यावर तो ताटावरच पेंगू लागला. पण खेळाला लागणारा वेळ घटला, दुपारचे गट वाढले. एका सकाळी घरट्यात नुसती टरफलं दिसली. पिल्लं आईमागून केव्हाच चालती झाली होती. त्याच दिवशी दाजींनी यंत्र फिरवलं.

महिनाअखेर बाईंनी सांगितलं, माणसं राहतील. वर्ष संपेपर्यंत तरी. नंतर पुन्हा हिशेब.

मार्शल शेडमध्ये गेला, उलट्या बादलीवर बसला आणि निरोप सांगितला. ‘वर्ष संपेपर्यंत’ म्हणताना त्याचा स्वर पडला.

दाजींनी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या.

“तेवढं पुष्कळ झालं,” ते म्हणाले. “जरा टेक.”