सतरावी पाकोळी

पावसाची दमट हवा ओसरली की क्योतोत घरोघरी किमोनो वाऱ्यावर टांगतात. तोकुजिरोच्या घरी टांगायला एकच कापड उरलं होतं: त्याच्या बायकोनं, शिझुएनं, मरणाआधी रेखाटलेलं पांढरं रेशीम. नक्षी केना या रानरोपाच्या निळ्या फुलांच्या रसानं काढलेली. हा रस रंगाऱ्यांच्या सोयीचा. पाणी लागलं की निघून जातो, मागे डाग ठेवत नाही. तोकुजिरोच्या मात्र तो जिवावर उठला होता. दरवर्षी दमट हवा थोडी थोडी रेघ चाटून न्यायची. यंदा तिसरं वर्ष, आणि विजेच्या तारांवर बसलेल्या सतरा पाकोळ्यांपैकी चार आता डोळे बारीक करून शोधाव्या लागत होत्या.

किमोनोवर विजेच्या तारा! व्यापारी हसले होते. "माझ्या खिडकीतून दिसतं ते मी काढलं," शिझुए म्हणाली होती, "चेरीचा बहर हवा तर दुसरीकडे जा."

शिझुए नक्षी रेखाटायची, तोकुजिरो तिच्या रेघांवर तांदळाची खळ ओढायचा आणि लेक चिनात्सु रंग भरायचं काम करी. तिनं यंदा विषय काढलाच. "बाबा, अजून दोन पावसाळ्यांनी कोरं कापड उरेल. मग काय पुजणार? तुम्ही खळ ओढा, मी रंग भरते."

"खळीनंतर पाणी फिरवावं लागतं. तिची रेघ जाईल."

"पण शेवटी खळ धुतली की तिच्याखाली पांढरी रेघ राहील ना? तीच ती."

"तीच कशी? ती माझ्या हातची."

"तीस वर्षं आईच्याच रेघेवरून हात फिरवलात, आणि आता म्हणे माझ्या हातची!"

 आठ दिवस तो जेवताना मुळ्याच्या लोणच्याला नावं ठेवत राहिला. नवव्या दिवशी त्यानं बांबूच्या काड्या लावून रेशीम ताणलं आणि कागदी नळीत तांदळाची खळ भरली.

खळीची रेघ शेताच्या बांधासारखी सलग लागते. केसभर फट राहिली तरी रंग फुटून बाहेर जातो. शिझुए मुद्दाम फटी ठेवायची. तो ओरडला की म्हणायची, "तुम्ही आहात ना मिटवायला!" आणि तो चरफडत मिटवायचा. आताही तो मिटवत गेला. पंखाखाली एक, चोचीपाशी एक. प्रत्येक फटीशी तिचं हसू आठवायचं आणि हात थांबायचा. फार आठवण येत होती त्याला तिची.

सतराव्या पाकोळीची पाठ अर्धीच होती. त्या दुपारी धाप लागली म्हणून शिझुएनं कुंचला ठेवला, "हे उद्या" म्हणाली, आणि इस्पितळातून परत आलीच नाही. तोकुजिरोनं नळीचं टोक तिथं नेलं, बराच वेळ धरलं आणि खळ न सोडताच उचललं. मग खळ वाळल्यावर रेशमावरून हलकं पाणी फिरवलं. निळं बघता बघता गेलं, खळीच्या रेघा तेवढ्या उरल्या. तिला नेलं त्या दिवशीही घर इतकं रिकामं झालं नव्हतं.

कापड सुकल्यावर चिनात्सु रंगाच्या वाट्या घेऊन बसली. सोळा पाकोळ्या झाल्या आणि ती थबकली.

"बाबा, इथं मिटवायचं राहिलं. नळी आणा, अजून वेळ आहे."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"अहो, रंग सांडेल! लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

"म्हणू देत. मी मिटवलं की तिचं काम संपलं. मला ते संपवायचं नाही, पोरी."

 चिनात्सुनं कुंचला भरून टेकवला. गडद निळा रंग पाठीत भरला, फटीपाशी आला आणि पांढऱ्या आभाळात पसरू लागला. थेंबभर रंग बाहेर गेला तरी आकांडतांडव करणारा तो माणूस गुडघे टेकून बघत होता. सवयीनं तिनं टिपायचा कागद उचलला, तसा त्यानं तिचा हात धरला.

"अजून थोडा घाल," तो म्हणाला.