अंगाऱ्याने चढलेली साखर

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा हिंगणीच्या आसपासची गावं दारं लावून बसली होती. सालईखेड्याच्या पारावर मात्र मुंगीला शिरायला जागा नव्हती. भस्मनाथ महाराज अंगारा वाटत होते.

"कोरोना कौन? हमारी धुनी का चेला!" महाराज डोळे फिरवत गरजले. "चिमूटभर जिभेवर, अन् ताप जिल्ह्याच्या पार! आधारकार्ड नाई, टोकन नाई. लाइन लावा फक्त."

लोक हसले आणि पुढे सरकले. नवल असं, की ताप खरोखरच उतरत होता. अंथरुणाला खिळलेला लहानू दिवस मावळायच्या आत भाकर मागू लागला. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं?

रांगेत शेवटी किराणा दुकानदार प्रभाकरराव होते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की ते दुसऱ्याला पुढे करत. बायको शोभाबाई तापाने फणफणली, तेव्हा त्यांनी पुडी आणून तिच्या जिभेवर ठेवली. ती उठून बसली, चहा पांचट झाला म्हणून त्यांच्यावर खेकसलीसुद्धा. प्रभाकररावांनी पाराच्या दिशेने हात जोडले.

मग महाराजांनी गावबांधणी केली. पटकीच्या साथीत जुनी माणसं वेशीवर दोरी बांधत. सुटेपर्यंत कोणी आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. एके काळी त्यात शहाणपणही असेल. महाराजांनी त्याला शेपूट जोडलं, "जो दोरी ओलांडन, त्याच्यामागं साऱ्या गावात मढी पडतीन!" वेशीवर काठ्या घेऊन पोरं बसली. त्यांचा म्होरक्या आदेश, महाराजांचा पट्टशिष्य.

शोभाबाईंचा ताप परतला नाही. पण दोन वाक्यांच्या मध्ये त्या थांबू लागल्या.

सून मयुरी वर्ध्याला विज्ञान शिकवायची. शाळा बंद म्हणून गावी आली होती. तिने सासूच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला.

"मले ताप नाई," शोभाबाई धापा टाकत म्हणाल्या. "कायले बोट चिमटून राह्यली?"

आकडा पाहून मयुरीचा चेहरा उतरला. शोभाबाईंना मधुमेह होता, म्हणून तिने साखरही तपासली. ती इतकी चढलेली, की यंत्राने आकडा दाखवायचंच सोडलं.

"मामाजी, आत्याबाईंनी गोड काय खाल्लं?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"काईच नाई. पेज अन् अंगारा."

"राखेनं साखर वाढते का?"

प्रभाकररावांनी फडताळातली पुडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"ताप झटक्यात उतरवते, भूक लावते, साखर चढवते. मामाजी, हे राखेचे गुण नाईत. हे स्टिरॉईडचे गुण आहेत."

उरलेली पुडी तिने चहाच्या गाळणीत ओतून ताटावर हलवली. राख खाली गेली. गाळणीत पांढरे कण उरले, आणि गोळीचा एक अर्धा तुकडा. मधोमध मोडायची रेघ स्पष्ट होती.

"गाडी काढा. आत्ताच्या आत्ता वर्धा."

"अन् वेशीवरची दोरी?"

प्रभाकररावांनी किल्ली घेतली, पण ते उंबऱ्यातच अडले. सुनेचं चुकत असेल तर? दोरी तुटल्यावर कोणी दगावलं, तर जन्मभर गाव त्यांच्याकडेच बोट दाखवील. आणि थांबावं, तर आतून शोभाचा श्वास ऐकू येत होता.

शोभाबाईंना घेऊन दुकानाच्या मालाची गाडी वेशीवर येताच गर्दी जमली. महाराजही आले.

"काका, मागं घ्या," आदेश काठी आडवी धरून म्हणाला. "साऱ्या गावाले मारता का?"

मयुरी ओंजळभर राख घेऊन उतरली. "महाराज, ही आमच्या चुलीतली. मंतरा, अन् आत्याबाईंचा श्वास नीट करा. झोळीतली नको."

"शंका आई, शक्ती गई!" महाराज मागे सरकले.

"तुमची शक्ती झोळीतच राह्यते का जी?" म्हातारी तानाबाई गर्दीतून बोलली. खसखस पिकली.

कसं झालं ते प्रभाकररावांनाही कळलं नाही. त्यांनी झोळी हिसकावून उलटी केली. राखेबरोबर गोळ्यांची रिकामी पाकिटं रस्त्यावर पडली. आदेशने एक उचललं, वाचलं, आणि काठी टाकून दिली. महाराज मात्र बाभळीच्या वाटेने सटकले.

आता वाट मोकळी होईल, असं मयुरीला वाटलं. पण कोणी हललं नाही.

"महाराज खोटा असन," लहानू चाचरत म्हणाला, "पण दोरी तं बांधली गेली ना."

प्रभाकररावांनी त्याच्याकडे पाहिलं. ती भीती त्यांच्याही मनात होती, तसूभरही कमी झाली नव्हती. त्यांनी गाडीतली सुतळी कापायची कात्री काढली. 

"जे व्हायचं थे माह्या घरावर होऊ द्या," ते म्हणाले, आणि दोरी कापली.

दवाखान्यात शोभाबाईंना ऑक्सिजन लावून डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मयुरीने गाळणीतला तुकडा पुढे केला.

"विषाणूची प्रथिनं आपल्या पेशींना धोक्याची घंटा वाजवायला लावतात," डॉक्टर म्हणाले. "मग शरीराचं सैन्य धावून येतं. ते हवंच. पण काही जणांत घंटा थांबतच नाही. फुप्फुसात दाह भडकतो, पाणी साचतं. माणूस विषाणूपेक्षा आपल्याच आगीत जास्त होरपळतो."

"मंग या गोळीनं आग विझत नाई का?" प्रभाकररावांनी विचारलं.

"विझते. मीही आता हेच औषध देतोय; पण ऑक्सिजन लागल्यावर, मोजून, साखर सांभाळून. सुरुवातीला, विषाणू वाढत असताना दिलं, तर सैन्याचेच हात बांधले जातात. ताप म्हणजे पहारेकऱ्याची ओरड. तुमच्या महाराजांनी पहारेकऱ्याचं तोंड दाबलं. चोर घरातच होता."

प्रभाकररावांनी आदेशला फोन लावला. त्याने आपला फोन ग्रामपंचायतीच्या भोंग्याच्या माइकपुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते साऱ्या गावाशी बोलत होते.

"ज्यानं ज्यानं अंगारा खाल्ला, त्यानं ऑक्सिजन अन् साखर तपासून घ्या. डॉक्टरपाशी लपवू नका. ताप उतरला म्हणून बिमारी गेली, असं समजू नका."

"शोभाबाई वाचन का जी?" फोनवर तानाबाईचा आवाज आला.



"माहीत नाई. डॉक्टरलेबी माहीत नाई, अन् थो तसं तोंडावर सांगते. महाराजाले सारंच माहीत होतं, तानाबाई. म्हणूनच म्हणतो, ज्याले सारंच माहीत असते, त्याच्या हातची पुडी घेऊ नका."